आज दिवसभर पाय चोळले, लोकांचे

पालख्या काल पुण्यात आल्या, आज मुक्काम, म्हणून ऑफिसला सुट्टी टाकली आणि मित्राबरोबर भवानी पेठेत गेलो, पालखी विठोबा मंदिराच्या जवळ. तिथल्या पोरांनी मांडव टाकलेला, काम एवढंच की वारकऱ्यांचे पाय गरम पाण्याने धुवायचे आणि तेल लावून चोळायचे. खरं सांगतो, पहिल्या दहा मिनिटांत वाटलं फोटो काढून सटकावं 😅

मग एक आजी बसल्या, सत्तरीच्या पुढच्या, परभणीकडच्या, पेरणी पोरावर सोपवून एसटीने आळंदीला आलेल्या, टाचांना भेगा इतक्या की फडकं अडकत होतं. मी जपून चोळतोय तर त्याच म्हणतात, लेकरा सकाळपासून बसलास, जेवलास का? आणि पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढून माझ्या हातात! उद्या दिवे घाट चढायचाय, पंढरपूर अजून २०० किमीच्या वर, आणि काळजी माझी.

उठताना "माउली" म्हणून माझ्याच पाया पडल्या. वारीत सगळेच एकमेकांच्या पडतात हे माहितीये, पण मी असा कसनुसा झालो ना, काय बोलावं सुचेना.

गेल्या आठवड्यात अप्रेझलला मस्त रेटिंग मिळालं, पार्टी पण झाली, दुसऱ्या दिवशी परत तीच चिडचिड. आज कंबर मोडलीये आणि तरी घरी येताना गाडीवर गुणगुणत होतो, बायको विचारते काय झालंय तुला? हाताचा तेलाचा वास दोनदा साबण लावूनही जात नाहीये, राहू दे म्हटलं.