41 फुटांना गप्प राहिलेले फंक्शन

कोल्हापुरात पावसाळा लागला की राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी किती झाली, हे घरोघरी विचारले जाते. 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी, हे इथे शाळकरी मुलांनाही पाठ असते. एम. एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी रोजच्या पातळीच्या नोंदींचे विश्लेषण ‘आर’ या संख्याशास्त्राच्या प्रोग्रॅमिंग भाषेत करत होते. कोणती मर्यादा कोणत्या दिवशी ओलांडली गेली, हे सांगणारी फंक्शन्स एकेक हाताने लिहिण्याऐवजी, मर्यादा दिली की ती लक्षात ठेवणारे नवे फंक्शन तयार करून देणारे एकच फंक्शन मी लिहिले, आणि फॉर लूपमधून, म्हणजे तीच कृती एकेका किमतीसाठी पुन्हा करणाऱ्या रचनेतून, त्याला आधी 39 व मग 43 हा आकडा दिला.

तक्ता तयार झाला, तेव्हा इशाऱ्याचे आणि धोक्याचे दिवस अगदी सारखे आले. 41 फुटांच्या नोंदीलाही इशाऱ्याचे फंक्शन ‘फॉल्स’ म्हणत होते. गावाची आवराआवर ज्या आकड्यावर सुरू होते, तोच आकडा माझ्या प्रोग्रॅमला दिसत नव्हता, आणि याची मला खरोखर भीती वाटली. आधी मी नोंदींवर संशय घेतला आणि गाळलेल्या तारखा शोधण्यात अर्धा दिवस घालवला. मग दोन्ही फंक्शन्स छापून पाहिली. पण छापल्यावर मजकूर दिसतो, मर्यादेची किंमत दिसत नाही, त्यामुळे दोन्हींचा मजकूर सारखाच दिसला. शेवटी, मर्यादा नीट पोहोचते का हे पाहण्यासाठी फंक्शन बनवणाऱ्या फंक्शनमध्येच ती छापणारी एक ओळ घातली, आणि उत्तर बरोबर आले. ती ओळ काढताच पुन्हा चुकले.

उलगडा तिथेच झाला. ‘आर’मध्ये फंक्शनला दिलेल्या आर्ग्युमेंटची किंमत लगेच काढली जात नाही, ती कुठून काढायची याची नोंद तेवढी ठेवली जाते, आणि तिला प्रॉमिस म्हणतात. किंमत पहिल्यांदा लागते तेव्हा ती काढली जाते आणि पुढे तीच कायम राहते. माझ्या क्लोजरने, म्हणजे तयार होतानाची चले सोबत ठेवणाऱ्या त्या फंक्शनने, आपल्या भोवतालात 39 हा आकडा साठवलेला नव्हता, तर ‘लूपमधल्या चलाची किंमत’ असे प्रॉमिस साठवले होते. मी ते फंक्शन प्रथम वापरले तोवर लूप संपून तो चल 43 वर थांबला होता. छापण्याच्या ओळीने किंमत वेळेवर मागितली होती, इतकेच.

ही पद्धत मला दोष वाटत नाही. आलेखाच्या अक्षांवर चलांची नावे आपोआप येतात, ती किंमत काढण्याआधीची अभिव्यक्ती हाती राहते म्हणूनच. मात्र फंक्शन तयार करणाऱ्या फंक्शनमध्ये पहिल्याच ओळीत ‘फोर्स’ या तयार फंक्शनला मर्यादा द्यावी, असे आता माझे ठाम मत आहे. ‘फोर्स’ दिलेली गोष्ट जशीच्या तशी परत करते. किंमत त्याच क्षणी काढली जावी हा हेतू मात्र ते नाव वाचणाऱ्याला उघड सांगते. 2015 मध्ये आलेल्या 3.2.0 आवृत्तीपासून यादीतल्या प्रत्येक घटकावर फंक्शन चालवणारे ‘एल-ॲप्लाय’ हे काम स्वतःच करते, पण फॉर लूपमध्ये हा धोका अजूनही तसाच आहे.

ती एक ओळ घालून मी 41 फुटांची तीच नोंद पुन्हा दिली. इशाऱ्याचे फंक्शन ‘ट्रू’ म्हणाले, धोक्याचे ‘फॉल्स’, आणि तक्त्यातले दोन रकाने वेगळे झाले.