गोठणगावचा थुक्पा

नवेगावबांधला पक्षी पाहायला निघालो होतो. पक्षी राहिले बाजूला, गाडी पंक्चर झाली. ती निघेपर्यंत दुपार. पोटात कावळे, तेवढेच पक्षी. मग म्हटलं, चला गोठणगावला.

तिथे प्रतापगडच्या (साताऱ्याचा नव्हे, इथला) पायथ्याकडे तिबेटी लोकांची वसाहत आहे, नोर्ग्येलिंग. 1972 पासूनची. तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया 1999 ला वेगळा झाला. धानाच्या बांध्या संपतात अन् एकदम रंगीत पताका फडफडताना दिसतात.

हॉटेल म्हणजे चार बाकडी अन् एक आजी. मोमोला मुरड घालत होती, थेट आपल्या कानोल्यासारखी, पण गोल. बोटं इतकी भरभर, की मोजता येईना. मला म्हणते, "तिखट चालते का जी तुमाले?" अस्सल आपली बोली! मी ऐटीत म्हटलं, "आमी सावजी खानारी मानसं, आजी." लाल चटणीचा एक घास, अन् डोळ्यातून पाणी. आजी हसून राहिली.

थुक्पा मात्र मस्त. हातानं लाटलेल्या जाड शेवया, पालक, लसणाचा वास, वाफाळता रस्सा. बाहेर पाऊस. लोणी-मिठाचा चहा काही जमला नाही बुवा, अर्धा तसाच ठेवला.

हिवाळ्यात जाऊ नका, बरेचसे लोक स्वेटर विकायला शहरात असतात.

आता गडचिरोलीतल्या मुलचेऱ्याकडे जायचं आहे, बंगाली वस्त्यांमध्ये मासे-भात खायला. कोण येतं? स्टेपनी घेऊन या.