सातविणीची साल: जांभळा रंग नेमका कशाने उडतो?

ठाण्यात आणि नवी मुंबईत रस्त्याकडेला सातवीण भरपूर, त्यामुळे बी.एस्सी.च्या प्रोजेक्टला ती हमखास घेतली जाते. सालीच्या अर्काने डीपीपीएचचा (अँटिऑक्सिडंट गुण मोजायचं रंगीत रसायन) जांभळा रंग पिवळा केला, ड्रॅगेनडॉर्फने (अल्कलॉइड ओळखायचं बिस्मथयुक्त द्रावण) नारिंगी साका दिला, की लगेच लिहिलं जातं: अल्कलॉइडमुळे, म्हणजे वनस्पतीतल्या नायट्रोजनयुक्त अल्कधर्मी द्रव्यांमुळे, अँटिऑक्सिडंट गुण. गफलत इथेच होते. डीपीपीएचचा रंग उडवण्याचं काम बहुतेक वेळा फिनॉल गटाची द्रव्यं करतात, आणि सालीत टॅनिन हे फिनॉल असतंच. दोन चाचण्या एका अर्कावर केल्या म्हणून दोन्ही उत्तरं एकाच द्रव्याची होत नाहीत. आधी वेगळं करा, मग मोजा.

साल खोडाला गोल सोलून कधीच घेऊ नका, झाड मरतं. पावसाळ्याआधीच्या छाटणीतल्या फांद्या परवानगीने मागून घ्या. ठाण्याचं येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथून विनापरवाना पानही तोडायचं नाही. पावसाळ्यात आपल्याकडे सावलीत वाळवलेल्या सालीला बुरशी धरते, आणि पानं सावकाश सुकली की एन्झाइमनी फिनॉलं आधीच काळवंडतात. ओव्हन 40 अंशांवर ठेवून पातळ पसरलेलं वाळवा.

10 ग्रॅम भुकटी 100 मिली मिथेनॉलमध्ये 24 तास ठेवा, मधूनमधून हलवा, गाळा. पानं असतील तर आधी हेक्सेनने मेण आणि चरबी काढा. गाळलेल्या अर्काचे दोन भाग करा. पहिला सुकवून डीपीपीएचसाठी बाजूला ठेवा. हे अमोनिया घालण्याआधीच व्हायला हवं, कारण अल्कलीत फिनॉलं हवेने झपाट्याने ऑक्सिडाइज होतात आणि नंतरचं माप खोटं कमी येतं.

दुसऱ्या भागातलं मिथेनॉल उडवा, उरलेलं 2 टक्के गंधकाम्लाच्या 30 मिलीत विरघळवा, गाळा. अमोनियाने पीएच 9–10 वर आणून सेपरेटिंग फनेलमध्ये दर वेळी 20 मिली क्लोरोफॉर्म घेऊन अल्कलॉइड तीनदा काढा, फ्यूम हूडमध्येच (विषारी वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात). क्लोरोफॉर्म खालचा थर असतो. जोराने हलवलंत तर फेसाळ दुधी थर बसतो. फनेल हलकेच फिरवा, तरी थर सुटले नाहीत तर चिमूटभर मीठ घाला.

क्लोरोफॉर्म सुकवून थोडा अवशेष सौम्य आम्लात ड्रॅगेनडॉर्फ आणि मेयरला (अल्कलॉइडचीच दुसरी चाचणी) लावा, थोडा मिथेनॉलमध्ये डीपीपीएचला. पण पाण्याचा थर फेकू नका! सातविणीचं मुख्य अल्कलॉइड एकिटामाइन हे क्वाटर्नरी आहे, म्हणजे त्याच्या नायट्रोजनवर कायमचा धन भार असतो, अल्कलीतही त्याचा भार जात नाही, त्यामुळे ते पाण्याकडेच राहतं. तो थर पुन्हा आम्लधर्मी करूनच तपासा, नाहीतर ड्रॅगेनडॉर्फमधलं बिस्मथ स्वतःच खाली बसतं. मेयरला प्रथिनंही साका देतात, म्हणून एका चाचणीवर विसंबू नका.

डीपीपीएच 3.9 मिग्रॅ 100 मिली मिथेनॉलमध्ये म्हणजे 0.1 मिलिमोलर. बाटलीला फॉइल गुंडाळा. 2 मिली डीपीपीएच आणि 1 मिली नमुना, 30 मिनिटं अंधारात, मग 517 नॅनोमीटरला शोषण मोजा. नमुन्याऐवजी मिथेनॉल घातलेल्या कंट्रोलचं शोषण साधारण 0.7 ते 0.8 यायला हवं. खूप कमी आलं तर द्रावण शिळं आहे. पानांच्या अर्कात क्लोरोफिल आणि त्याचे विघटित रंग 517 लाही थोडं शोषतात, म्हणून नमुन्याच्या प्रत्येक तीव्रतेला डीपीपीएचविना ब्लँक लावा आणि त्याचं शोषण वजा करा. तुलनेसाठी सोबत ॲस्कॉर्बिक आम्ल चालवा. आयसी-50, म्हणजे रंग निम्मा उडवणारी तीव्रता, काढताना 20 ते 80 टक्के रंग उडाल्याचेच बिंदू घ्या.

सातविणीऐवजी कुड्यावर काम करणाऱ्यांना वेगळीच अडचण येते. कोनेसिन हे अल्कलॉइड पांढऱ्या कुड्याच्या सालीत असतं, पण बाजारात काळ्या कुड्याची साल त्याच नावाने खपते, आणि वाळल्यावर दोन्ही ओळखणं कठीण. पांढऱ्याच्या शेंगा जोडीने पण सुट्या लोंबतात, काळ्याच्या कोवळ्या शेंगांची टोकं एकमेकांना चिकटलेली असतात. म्हणून साल पुडीत विकत घेऊ नका. ज्या फांदीची साल घेतली, तिची शेंगेसकट डहाळी दाबून जपून ठेवा.