कॅलेंडरच्या पत्र्यातली गोचीड

हरतालिकेचा दिवस होता. सकाळी दवाखान्याचं शटर अर्धं वर करते तोच पायरीवर काकू बसलेल्या दिसल्या. मांडीवर बंड्याचं डोकं. त्याच्या नाकाला धरलेला टॉवेल मूळचा कुठल्या रंगाचा, ते ओळखू येत नव्हतं. काकूंचा निर्जळी उपास, त्यात रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

"शिंकला आणि धारच लागली, डॉक्टर. आत्ताच पुसलेली फरशी, सगळी लाल केली बघा."

बंड्या म्हणजे सहा वर्षांचा, सव्वीस किलोचा, अर्धा लॅब्राडोर आणि अर्धा आमच्या सांगलीच्या गल्लीतला. वर्षातली ही त्याची तिसरी खेप. मार्चमध्ये ताप, जूनमध्ये ताप आणि आता हे. ताप १०४.२, हिरड्या पांढरट, पोटावर मोहरीएवढे जांभळे ठिपके. बोटानं दाबल्यावर ठिपका फिका झाला नाही, तर तो रक्तस्रावाचा समजायचा. यातला एकही दबत नव्हता. रक्त मशीनला लावलं. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, १७,०००. कुत्र्याच्या किमान दोन लाखांच्या आसपास तरी हव्यात.

गोचीड ताप. गोचिडीतून येणाऱ्या दोन जंतूंपैकी बबेसिया काचपट्टीवर दिसला नाही, दुसऱ्याची, एर्लिकियाची, किटवरची रेघ मात्र ठळक उठली. अशा वेळी मांसात सुई टोचायची सोय नसते, टोचलं तिथं रक्ताची गाठ धरते. नाकावर बर्फाची पिशवी, दिव्याचा उजेड कमी, सलाइन बारीक आणि पंखा बंद. बंड्याला शिंक येऊ नये एवढीच प्रार्थना. साडेअकराला धार थांबली.

मग माझ्यातली मास्तरीण जागी झाली. "काकू, तापाच्या जंतूवरची गोळी, डॉक्सिसायक्लिन, मागच्या वेळी पूर्ण अठ्ठावीस दिवस दिली होती? आणि दर महिन्याची गोचिडीची गोळी?"

खरं सांगायचं तर उत्तर मी गृहीतच धरलं होतं. दहाव्या दिवशी कुत्रं भाकरी खायला लागलं की लोक गोळ्या बंद करतात. कुणी दुधातून देतात, तेही या औषधाला चालत नाही. दर महिन्याची गोळी तर दोन महिन्यांनी आठवते. माझ्या चेहऱ्यावर ते दिसलं असणार, कारण काकू एकदम ताठ झाल्या. पुतण्याला म्हणाल्या, "जा रे, घरातलं कॅलेंडर काढून आण. बघू देत डॉक्टरांना."

पंधरा मिनिटांत तो कॅलेंडरची गुंडाळी घेऊन आला. काकूंनी ते माझ्या टेबलावर उलगडलं. प्रत्येक महिन्याच्या पाच तारखेला लाल पेनाचं गोल, आत 'बं.'. अठ्ठावीस दिवसांच्या खुणाही ओळीनं, एकही चुकलेली नाही. शेजारीच गॅस सिलिंडर, भिशी आणि दूधवाल्याचा खाडा. माफी मागायला मी तोंड उघडलं आणि शब्द तिथंच राहिले. कॅलेंडरच्या वरच्या कडेला पत्र्याची दुमडलेली पट्टी असते ना, तिच्या टोकातून एक गोचीड बाहेर आली. चपटी, विटकरी, उपाशी. पुढचे दोन पाय हवेत उंचावून तिनं वास घेतल्यासारखं केलं आणि सरळ माझ्या हाताकडं चालू लागली. पट्टी उलटी करून टेबलावर आपटली, तर आणखी चार पडल्या.

बंड्या तर माझ्याकडं होता. मग या आल्या कुठून?

कुत्र्यावरची ही तपकिरी गोचीड गाईम्हशींच्या नेहमीच्या गोचिडीसारखी नाही. गोठ्यातली बहुतेक सगळं आयुष्य एकाच जनावरावर काढते. ही आयुष्यात तीनदा रक्त पिते आणि तिन्ही वेळा खाली उतरते. दोनदा कात टाकायला आणि शेवटी अंडी घालायला. एकेक मादी हजारांनी अंडी घालते आणि तीही कुत्र्यावर नाही, फटीत. उपाशी गोचीड महिनोन्‌महिने वाट बघत बसू शकते. शिवाय हिला वर चढायची खोड. लोक खाली फरशी पुसत राहतात आणि ही पडद्याच्या दांडीशी बसलेली असते. हे सगळं मी कॉलेजात पाठ केलेलं. तरीही बंड्याच्या केसपेपरवर घराबद्दल एक ओळ नव्हती. आणि महिन्याची गोळी काही भिंतीला देता येत नाही. गोळीनं गोचीड मरते ती चावल्यावर. रोज भिंतीवरून नव्या पन्नास उतरत असतील, तर त्यातली एखादी मरायच्या आधी काही तासांतच जंतू सोडून जाते.

संध्याकाळी काकूंच्या घरी गेले. गावभागातलं जुनं घर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाशी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. तेव्हा या घरात पाणी आठवडाभर उभं होतं. त्यानंतर दर गणपतीला काकू न चुकता भिंतीला डिस्टेंपर देत आलेल्या. भिंत दिसायला पिवळीधमक. मी बोटाच्या पेरानं वाजवली. वर ठणठण, कमरेखाली बद्द. पाण्यानं प्लास्टर विटेपासून सुटलं होतं, आत दोन बोटं पोकळी, आणि प्रत्येक वर्षीचा रंग त्या पोकळीवर झाकण घालत होता. त्याच भिंतीखाली बंड्याचं गोणपाट, वर कॅलेंडर, त्याच्या वर काकूंच्या सासऱ्यांचा फोटो. फोटो काढला. मागच्या पुठ्ठ्याला, चौकटीच्या चारही कोपऱ्यांत, गोचिडी एकमेकींना चिकटून बसलेल्या.

काकू स्टुलावर बसल्या. "मामंजींच्या मागं?" एवढंच म्हणाल्या.

पंचाईत अशी, की त्याच भिंतीला मखर लागलं होतं आणि उद्या गणपती येणार होता. औषध फवारायचं म्हणजे घर रिकामं करावं लागतं. काकूंनी निकाल दिला : "बाप्पा गौरीबरोबर जाईपर्यंत घरात फवारणी नाही." मला ते पटलं नाही, पण घर त्यांचं. मग तोडगा काढला. बंड्या तितके दिवस माझ्याकडं. गोणपाट जाळलं. मखर पुढच्या खोलीत हलवलं. पुतण्यानं जुनं एटीएम कार्ड घेऊन पाटाच्या कडा, चौकटी, विजेच्या बोर्डाच्या फटी खरवडल्या आणि निघालेल्या गोचिडी साबणाच्या पाण्यानं भरलेल्या डब्यात मोजून टाकल्या. दोनशेनंतर मोजणं सोडून दिलं. बोटांनी चिरडू नकोस म्हणून मी दोनदा ओरडले.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी गवंडी आला. छिन्नीच्या तिसऱ्या ठोक्याला ताटाएवढा पोपडा सुटला. आत विटेवर बारीक तपकिरी खसखस सांडल्यासारखा थर होता. तो अंड्यांचा. गवंड्यानं छिन्नी खाली ठेवली आणि म्हणाला, "ह्येचा दर येगळा लागंल." काकूंनी चहा पाजून मूळ दरातच करून घेतलं. कमरेपर्यंत जुनं प्लास्टर उतरवून नवं केलं, चौकटींच्या फटी व्हाइट सिमेंटनं बुजवल्या. मग पेस्ट कंट्रोलवाल्याकडून डेल्टामेथ्रिन या कीटकनाशकाची फवारणी, आणि उरलेल्या अंड्यांतून पिल्लं निघतील म्हणून तीन आठवड्यांनी पुन्हा. दोन्ही वेळा भिंत वाळून खोली वारा खाईपर्यंत घरात कुणी नाही. शेजारच्या मनीला तर मी दोन-दोन दिवस कोंडायला लावलं. या जातीची औषधं मांजराला मुळीच सोसत नाहीत. कुत्र्याच्या मानेवर टाकायचा त्याच जातीच्या पर्मेथ्रिनचा थेंब मांजराला लावून फिट आलेली मांजरं मी पाहिली आहेत.

अठ्ठावीस दिवसांनी बंड्या तपासणीला आला. वजन दीड किलोनं वाढलेलं, हिरड्या गुलाबी, प्लेटलेट २,१०,०००. काकूंनी रिपोर्ट घडी करून पिशवीत ठेवला. पिशवीतून नवं कॅलेंडर डोकावत होतं. जुनं त्यांनी त्याच दिवशी अंगणात जाळलं होतं. नव्यावर बंड्याची गोलं पुन्हा मारून घेतलेली.

"औषधापेक्षा सिमेंटलाच जास्त गेले, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "गवंड्याची पावती तुमच्या फायलीत लावून ठेवू का?"

मी लावून घेतली.