पान पिवळं पडलंय, काय टाकू?

फोनवर पानाचा फोटो येतो, खाली एकच ओळ: 'पिवळं पडलंय, काय टाकू?' तुम्हीही तेच विचारलंत म्हणून आधी माझाच उलटा प्रश्न. पिवळं कोणतं पडलंय, बुडाचं जुनं की शेंड्याचं कोवळं?

जुनं असेल तर बहुधा नत्र कमी पडलंय. नत्र झाडात फिरतं. तुटवडा आला की झाड म्हाताऱ्या पानातलं काढून कोवळ्याला देतं. मक्यात हा पिवळेपणा टोकाकडून मधल्या शिरेवरून खाली सरकतो. तिथं युरिया लागू पडतो.

पण शेंडा पिवळा आणि शिरा तेवढ्या हिरव्या, अशी जाळी दिसली तर तो केवडा. लोहाची कमतरता. लोह पानात एकदा बसलं की तिथून हलत नाही, म्हणून जुनी पानं हिरवी आणि नवी फिकट. मी पहिल्यांदा भुईमुगावर केवडा पाहिला तेव्हा दीड पोतं युरिया फेकला होता. आठवड्याभरात शेंडे पार पांढरट झाले. शेजारच्या अण्णांनी मातीच्या ढेकळावर पातळ आम्लाचे दोन थेंब टाकले. ढेकूळ सोड्यासारखं फसफसलं. चुनखड!

आमची काळी माती बेसाल्टची, तिच्यात लोहाला काय तोटा? पण चुनखडीच्या रानात सामू (pH, मातीचा आम्ल-विम्लपणा) बहुधा आठच्या आसपास किंवा वर असतो, आणि सामू एका अंकाने चढला की मातीतल्या फेरिक लोहाची विद्राव्यता सुमारे 1000 पटीने घटते. मुळापाशी लोह आहे, तोंडात येत नाही. (कुंडीत गंजके खिळे खुपसणाऱ्यांनो, गंज म्हणजे हेच न विरघळणारं लोह.)

म्हणून पानावरून द्यायचं. 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट), थोडा लिंबाचा रस, संध्याकाळी फवारणी. पानं हिरवी होतात, पण माती तीच असते, त्यामुळे पुढचे शेंडे पुन्हा पिवळे निघू शकतात. सोयाबीन झडीनंतर पिवळं पडलं असेल तर आधी साचलेलं पाणी काढा आणि वाफसा येऊ द्या, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही बेताची होऊ द्या. पुष्कळदा फवारणीची गरजच उरत नाही.

कपाशीचा लाल्या, म्हणजे पानं लाल पडणं, वेगळा. त्यात मॅग्नेशियमची उणीव असते, थंडीचाही हात असतो. त्याचं पुन्हा कधी.

फोटो पाठवताना एक जुनं आणि एक कोवळं पान शेजारी ठेवा. शेवटचं पाणी कधी दिलं, तेही लिहा.