हळदीचा गाल आणि ओसरीतला अंधार

मे महिन्यातल्या एका हळदीचे फोटो काढत होतो, चिपळूणजवळचं एक गाव, दुपारचे साडेबारा, आणि नवरीला बसवलेलं भर अंगणात उन्हात. आजी ओसरीच्या कडेला बसल्या होत्या, तिथूनच वाकून त्यांनी नातीच्या गालाला हळद लावली. हात आणि गाल कडक उन्हात, आजींचा चेहरा सावलीत. फ्रेम एकच, पण उजेड दोन घरचे!

मी उन्हातला हात बघून एक्सपोजर (कॅमेऱ्यात घ्यायचा उजेड) दीड स्टॉप खाली ठेवलं (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा), त्यामुळे आजी जवळजवळ काळ्याच आल्या. बाजूला असिस्टंटने आजींच्या चेहऱ्यावर मीटर करून (तिथला उजेड मोजून) तोच क्षण टिपलेला, चेहरा काय सुंदर आलाय, पण गाल जास्त उजेडाने पार गेलेला. शिवाय असिस्टंटचा कॅमेरा जेपेगवर, म्हणजे कॅमेऱ्यानेच दाबून छोट्या केलेल्या फाइलवर राहिलेला (मीच सकाळी चेक करायला हवं होतं). हळदीत रेड चॅनल (फोटोतला लाल रंगाचा थर) आधी फुटतो, म्हणजे कमाल मर्यादेला जाऊन त्यातला तपशील हरवतो, त्यामुळे गालावर बोटांचे ओरखडे वगैरे काही नाही, नुसता लिंबाच्या रंगाचा सपाट डाग. एडिटिंगमध्ये हायलाइट्स (उजळ भाग) खाली ओढल्या तर तो डाग मळकट झाला, बस. नाहीच त्यात काही तर येणार कुठून?

मग माझी रॉ (सेन्सरने टिपलेला मूळ डेटा असलेली फाइल) उघडली. १४ बिट म्हणजे प्रत्येक चॅनलला उजेडाच्या १६३८४ पायऱ्या, जेपेगला २५६, म्हणून निर्धास्त होऊन शॅडोज (गडद भाग) थेट +१०० केल्या. आजी दिसल्या, आणि सोबत मागचा सिलिंडर, स्विचबोर्ड, तांदळाचं पोतं, सगळंच दिसलं. सुरकुत्यांत लाल-हिरवे ठिपके आले म्हणून नॉइज रिडक्शन (असे ठिपके पुसणारं सेटिंग) मारलं तर आजी मेणाच्या झाल्या. तरी पाठवला मी तो, घाई होती.

नवरीचा मेसेज आला, "दादा, आमची ओसरी एवढी उजेडाची कधीपासून झाली?"

काय बोलणार! रात्री परत बसलो. शॅडोज +३०, हायलाइट्स −५५, ब्लॅक्स (सगळ्यात काळे भाग) थोडे खाली, म्हणजे कोपरा पुन्हा काळोखात गेला आणि सिलिंडरही. आजींच्या फक्त चेहऱ्यावर ब्रशने अर्धा स्टॉप, कडा एकदम मऊ. नॉइज जवळपास तसाच सोडला, सुरकुत्या हव्यात ना. हळद जरा केशरी दिसत होती, तिचं सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता) किंचित उतरवलं तेव्हा कुठे गालावरचे चार बोटांचे ओघळ वेगवेगळे दिसायला लागले.

त्यांनी १२ बाय १८ची प्रिंट मागवली. स्क्रीनपेक्षा कागदावर गडदच येतं, म्हणून लॅबला पाठवताना पाव स्टॉप वर उचलला. ओसरीचा कोपरा सोडून.