बो भागातील गच्च्या आणि एका रॅपरचा कोपरा

लंडनला मी तिसऱ्यांदा गेलो तेव्हा राजवाडे, संग्रहालये आणि नदीवरचे पूल पाहून झालेले होते. त्यामुळे "मामा, या वेळी कुठे जायचं?" असे भाच्याने विचारताच मी पूर्व लंडनमधल्या बो या भागाचे नाव घेतले. गांधीजी १९३१ साली गोलमेज परिषदेसाठी आले असता जिथे उतरले होते, त्या किंग्जली हॉलसाठी मी जात असणार, असा त्याने तर्क केला. तो खरा होता, पण अर्धाच. उरलेले अर्धे कारण म्हणजे काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला आला असताना त्यानेच मला बळेबळे ऐकवलेला डिझी रास्कल या रॅपरचा एक अल्बम. मी आकाशवाणीच्या प्रक्षेपण विभागात तीस वर्षे काढली. गायन-वादनातले मला फारसे कळत नाही, पण लहरी, अँटेना आणि ट्रान्समीटर यांच्याशी माझा संसार झालेला आहे. तो अल्बम पहिल्यांदा ऐकताना भांड्यांचे कपाट कोसळल्यासारखे वाटले. मात्र "मामा, हे संगीत वाढलं ते टॉवरच्या गच्चीवरच्या चोरट्या रेडिओवर," असे तो म्हणाला आणि मी सरसावून बसलो.

मे महिन्यातल्या एका गुरुवारी आम्ही बो रोड स्थानकावर उतरलो. दिवस मुद्दाम गुरुवारचा धरला होता, कारण जवळच्या रोमन रोडवर मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी बाजार भरतो. एक गैरसमज आधीच दूर करतो. बो चर्चच्या घंटेच्या टप्प्यात जन्मला तो खरा कॉकनी, असे म्हणतात. पण ती घंटा इथली नव्हे, मध्य लंडनमधल्या चीपसाइडच्या चर्चची. इथले चर्च रस्त्याच्या मधोमध, दोन्ही बाजूंनी वाहतूक जाणारे, आणि त्याच्यासमोर पंतप्रधान ग्लॅडस्टन यांचा पुतळा आहे. पुतळ्याचे दोन्ही हात लाल रंगाने माखलेले असतात. काडेपेटीच्या कारखान्यातल्या मुलींच्या संपाची आठवण म्हणून कोणीतरी ते पुन्हा पुन्हा रंगवते. १८८८ साली सुमारे चौदाशे बायका-मुलींनी केलेल्या त्या संपामागे ज्यांची लेखणी उभी होती, त्या ॲनी बेझंट. पुढे होमरूलच्या चळवळीत टिळकांच्या बरोबरीने आपल्याला भेटतात त्याच.

किंग्जली हॉल पोविस रोडवर आहे. विटांची साधी इमारत आणि भिंतीवर निळी गोल पाटी. सप्टेंबर ते डिसेंबर असे सुमारे बारा आठवडे गांधीजी तिच्या गच्चीवरच्या एका छोट्या खोलीत राहिले. सरकारने देऊ केलेल्या सोयी नाकारून ते गरीब वस्तीत राहिले, हे आपण शाळेत शिकतो. मला मात्र दुसरीच गोष्ट पाहायची होती. लंडनला पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी, १३ सप्टेंबरला, त्यांनी याच इमारतीतून अमेरिकेला उद्देशून रेडिओवर भाषण केले. समोर ठेवलेल्या यंत्राकडे पाहून "यातच बोलायचं का?" असे त्यांनी विचारले आणि तो प्रश्नच अमेरिकेत आधी ऐकू गेला, असे सांगतात. आमच्या व्यवसायात ही चूक आजही रोज कुठे ना कुठे होते, म्हणून मला ती फार आवडते.

तिथून चालू लागलो की पाच-दहा मिनिटांत तीन उंच इमारती दिसू लागतात. हीच ती क्रॉसवेज वसाहत, स्थानिक लोकांच्या बोलण्यातले 'थ्री फ्लॅट्स'. प्रत्येक इमारत पंचवीस मजली, १९७० च्या आसपास महापालिकेने बांधलेली. पुढे बरीच वर्षे त्यांची दुर्दशा होती. आता डागडुजी आणि रंगरंगोटी झाल्याने त्या चांगल्या घरच्या वाटतात. डिझी रास्कल, म्हणजे डिलन क्वाबेना मिल्स, १८ सप्टेंबर १९८४ रोजी जन्मला तो याच भागातला. वडील नायजेरियन, आई घानाची. वडील तो लहान असतानाच गेले आणि एकट्या आईने त्याला महापालिकेच्या घरांत वाढवले.

इमारतीच्या पायथ्याशी उभा राहून मी वर पाहत राहिलो आणि मनात हिशेब केला. मजल्याला पावणेतीन मीटर धरले तर गच्ची जमिनीपासून सुमारे सत्तर मीटर. एफएमच्या लहरी प्रकाशासारख्या सरळ जातात, त्यामुळे अँटेनाला जेवढे क्षितिज दिसते तेवढाच तिचा मुलूख. सत्तर मीटरवरून ते क्षितिज पस्तीस किलोमीटरच्या आसपास येते, म्हणजे कागदावर तरी जवळजवळ सगळे लंडन. प्रत्यक्षात शक्ती कमी, शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर दुसऱ्यांचा गोंगाट, त्यामुळे पल्ला पुष्कळ घटतो. पण गरिबांच्या वाट्याला आलेली ही उंच, कुरूप घरे प्रक्षेपणासाठी मात्र राजेशाही जागा होती, आणि हे इथल्या मुलांनी कोणत्याही अभियंत्याच्या मदतीशिवाय ओळखले होते.

चोरट्या केंद्राची रचनाही ऐकण्यासारखी आहे. स्टुडिओ एखाद्या रिकाम्या सदनिकेत किंवा कोणाच्या तरी स्वयंपाकघरात असे. तिथला आवाज सूक्ष्मलहरींच्या छोट्या दुव्याने दूरच्या टॉवरच्या गच्चीवर जाई. गच्चीवर ट्रान्समीटर, परांचीच्या लोखंडी नळीला पट्ट्यांनी आवळलेली अँटेना, आणि बऱ्याचदा लिफ्टच्या यंत्रखोलीतून ओढलेली वीज. सरकारी पथकाने धाड घालून ट्रान्समीटर उचलून नेला तरी स्टुडिओ सापडत नसे, आणि दोन-चार दिवसांत दुसरा ट्रान्समीटर वर चढे. आम्ही नोकरीत ज्याला 'एसटीएल' (स्टुडिओ-ट्रान्समीटर लिंक) म्हणत असू, तोच हा दुवा. फरक एवढाच की आमच्याकडे त्यासाठी फाइल वर्षभर फिरे. १९९४ साली सुरू झालेले रिन्स एफएम हे अशा केंद्रांतले सर्वांत गाजलेले. त्याच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या डीजे स्लिमझीला २००५ मध्ये न्यायालयाने बो ज्यात येते त्या टॉवर हॅम्लेट्स भागातील उंच इमारतींच्या गच्चीवर पाऊल ठेवण्यास मनाई केली होती. संगीतकाराला गच्चीबंदी झाल्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

या केंद्रांवर जे तयार झाले त्याला पुढे 'ग्राइम' म्हणू लागले. मिनिटाला सुमारे १४० ठोक्यांची धाव, खालून करवतीसारखा घासणारा खर्ज, मध्ये मोकळ्या सोडलेल्या जागा, आणि त्यावर आठ-आठ मात्रांच्या नव्हे, तर आठ-आठ आवर्तनांच्या तुकड्यांत एकामागून एक तुटून पडणारे एमसी, म्हणजे माईकवर यमके जुळवत बोलणारे गडी. अमेरिकन रॅपची ही नक्कल नव्हे. जमैकाच्या ध्वनिक्षेपकांची परंपरा, लंडनच्या क्लबांतले 'जंगल' आणि 'गराज' हे नाचाच्या संगीताचे प्रकार, आणि बोच्या रस्त्यांवरची बोली असा तो मसाला आहे. माईक हातोहात फिरतो, आणि ज्याची ओळ फुसकी निघते त्याचा माईक क्षणात जातो. आपल्याकडच्या कलगी-तुऱ्याच्या सामन्यांची मला आठवण झाली. पण ती तुलना मी भाच्याला सांगितली तेव्हा तो इतक्या आदराने गप्प बसला की मी पुढे ताणली नाही.

या गर्दीत डिलन शिरला तो आधी डीजे म्हणून, मग एमसी म्हणून. बोचाच वायली हा त्याच्याहून वयाने मोठा. त्याने त्याला हाताशी धरले आणि 'रोल डीप' या आपल्या टोळक्यात घेतले.

शाळेची गोष्ट मात्र मला ट्रान्समीटरपेक्षाही महत्त्वाची वाटते, म्हणून आम्ही चालत पॉपलरमधल्या लॅंग्डन पार्क शाळेपाशी गेलो. डिलनला आधीच्या चार शाळांनी काढून टाकले होते. इथेही एकेक करत सगळ्या वर्गांतून तो बाहेर गेला, फक्त संगीताचा वर्ग उरला. तिथल्या शिक्षकांनी त्याला संगणकापुढे बसू दिले आणि त्याच्या नादाने चालू दिले. ज्या गाण्याने त्याचे नाव झाले, ते 'आय लव्ह यू' त्याने सोळाव्या वर्षी केले. मी कुंपणाबाहेरूनच पाहिले. आत जाण्याचे मला कारण नव्हते आणि शाळांच्या दारात रेंगाळणाऱ्या परक्या म्हाताऱ्यांकडे त्या देशात बऱ्या नजरेने पाहत नाहीत. मधल्या सुट्टीची घंटा झाली, पोरे मैदानात सुटली, आणि दोन मुलगे मात्र भिंतीला टेकून, एका फोनच्या दोन इयरफोनपैकी एकेक कानात घालून, मान डोलवत उभे राहिले.

शाळेच्या अगदी लगत आता लॅंग्डन पार्क हे रेल्वे स्थानक आहे. ते २००७ च्या अखेरीस झाले, म्हणजे डिलन शाळा सोडून गेल्यावर. फलाटावर उभे राहिले की दक्षिणेला कॅनरी व्हार्फच्या बँकांचे मनोरे एवढे जवळ दिसतात की हात लावावा. मधला पिरॅमिडच्या टोपीचा, पन्नास मजली मनोरा १९९१ साली पूर्ण झाला तेव्हा डिलन सहा-सात वर्षांचा होता. मनोऱ्याच्या टोकावरचा दिवा रात्रभर उघडझाप करतो. बिनचालकाच्या गाडीने तिथे दहा मिनिटांच्या आत पोचता येते, आणि तरी इथली कितीतरी मुले तिकडे कधी फिरकतही नसत. या फलाटावर दहा मिनिटे उभा राहिलो आणि त्या पहिल्या अल्बममधला कोंडलेला, चिडका, मध्येच रडवेला होणारा आवाज मला पुण्यात कळला नव्हता तेवढा इथे कळला.

तो अल्बम म्हणजे 'बॉय इन डा कॉर्नर', जुलै २००३ मध्ये आलेला. मुखपृष्ठावर पिवळ्याधमक भिंतींच्या कोपऱ्यात काळ्या कपड्यांतला एक मुलगा जमिनीवर बसला आहे, आणि डोक्याशी बोटे धरून त्याने शिंगे केली आहेत. त्याच महिन्यात सायप्रसमधल्या आयिया नापा या सुट्टीच्या गावी त्याला भोसकले गेले. वायलीशी त्याची मैत्रीही तिथेच तुटली. सप्टेंबरमध्ये, एकोणिसाव्या वाढदिवसाला काही दिवस उरले असताना, रेडिओहेड आणि कोल्डप्ले यांच्यासारखे स्पर्धक असताना या अल्बमला मर्क्युरी हे ब्रिटनमधले वर्षातल्या उत्तम अल्बमचे पारितोषिक मिळाले. जुलै आणि सप्टेंबर यांच्यात एका मुलाच्या आयुष्यात किती मावावे याला काही सुमार असतो.

पुढची वर्षे मी भरभर सांगतो, कारण ती बोबाहेरची आहेत. २००८ साली 'डान्स विव्ह मी' आणि २००९ साली 'बॉंकर्स' ही त्याची गाणी ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली. ती नाचायला उत्तम आहेत आणि माझ्या लेखी त्यांत तो कोपरा नाही. ओबामा निवडून आल्यावर बीबीसीवर जेरेमी पॅक्समन यांनी त्याला गंभीरपणे 'मिस्टर रास्कल' अशी हाक मारून तुम्ही स्वतःला ब्रिटिश समजता का, असे विचारले होते. रास्कल हा शब्द ज्यांनी फक्त गणिताच्या मास्तरांच्या तोंडून ऐकला आहे, त्यांनी ते चित्रण एकदा पाहावेच. २७ जुलै २०१२ रोजी लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनात त्याने 'बॉंकर्स' म्हटले, आणि ते मैदान बोच्या ली नदीपलीकडे, पायी अर्ध्या तासावर आहे. २०२० मध्ये त्याला एमबीई हा किताब जाहीर झाला.

आणि २०२२ मध्ये, ज्या स्त्रीशी त्याचा साखरपुडा झाला होता आणि पुढे मोडला, तिच्यावर हल्ला केल्याबद्दल न्यायालयाने त्याला दोषी ठरवले. चोवीस आठवडे रात्री घरातच राहण्याची सक्ती आणि पायात इलेक्ट्रॉनिक कडे, अशी शिक्षा झाली आणि अपीलही फेटाळले गेले. हे लिहिले नसते तर लेख गोड झाला असता. बालपणीच्या अन्यायाचा उतारा देऊन याचे समर्थन करणारे मला भेटले आहेत, त्यांचे मला पटत नाही. अल्बम मी अजूनही ऐकतो, पण भाचीला भेट म्हणून दिला नाही.

परतताना उत्तरेला रोमन रोडवर गेलो. बाजार उठत आला होता. कपड्यांच्या गाड्यांवर ताडपत्र्या ओढल्या जात होत्या. ग्राइमच्या तबकड्या जिथे काउंटरवरून हातोहात विकल्या जात, ते ऱ्हिदम डिव्हिजन हे दुकान याच रस्त्यावर होते. २०१० मध्ये ते बंद पडले आणि तिथे कॉफीचे दुकान आले. पुढच्या कोपऱ्यावर भाजी विकणाऱ्या, बांगलादेशातल्या सिल्हेटकडच्या गृहस्थांना मी हिंदीत विचारले, तेव्हा ते कोथिंबिरीची जुडी झटकत म्हणाले, "भाईसाब, दुकानापेक्षा फुटपाथवरच पोरं जास्त असायची. माझा मुलगाही त्यातच." मुलगा आता काय करतो, असे विचारल्यावर त्यांनी हनुवटीनेच कॅनरी व्हार्फच्या दिशेला खूण केली.

रिन्स एफएमला २०१० सालीच रीतसर परवाना मिळाला. माझ्या खिशात नेहमी असतो तो छोटा रेडिओ मी बो रोडवरच्या बाकावर काढला आणि १०६.८ वर लावला. आवाज स्वच्छ, कुठे खरखर नाही. मी अंगठ्याने चाक अगदी सावकाश फिरवत गेलो. दोन बलाढ्य केंद्रांच्या मधल्या फटीत, सुसकाऱ्यामागे, एक पोरसवदा आवाज घाईघाईने कोणाकोणाची नावे घेत होता. पाठीमागे खर्ज इतका चढवलेला की रेडिओचा पत्रा थरथरला. "कोण आहे?" भाच्याने विचारले. मी त्याला हाताने गप्प केले, अँटेना पूर्ण ओढली आणि ती तीन इमारतींच्या दिशेला वळवून पाहिली.